अर्धा हंगाम संपल्यावर: आपल्या क्लबविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागतात. त्यातला एकोणिसावा सामना संपला की एरवी फुटबॉलची फारशी विचारपूस न करणारी माणसेही "यंदा तुमच्या संघाचे काय?" असे विचारू लागतात. मी ज्या क्लबचा समर्थक आहे तो सध्या गुणतक्त्याच्या मधल्या भागात, पण वरच्या बाजूला आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढचे प्रश्न कोणत्याही क्लबच्या समर्थकाला पडतात आणि नाव दिले की निम्मे वाचक उत्तर वाचण्याआधीच बाजू घेऊन मोकळे होतात.

अर्धा हंगाम नेमका कधी संपला असे धरावे?

तारखेवरून नव्हे, सामन्यांच्या संख्येवरून धरावे. नाताळच्या दिवशीचा गुणतक्ता वर्तमानपत्रांचा लाडका असतो, पण तोवर बहुतेक संघांचे सतरा-अठराच सामने झालेले असतात. २०२२-२३ मध्ये तर कतारमधील विश्वचषकासाठी लीग सुमारे सहा आठवडे थांबली होती आणि नाताळपर्यंत त्याहूनही कमी सामने झाले होते. जर्मनीत हा हिशेब सोपा आहे. बुंडेसलिगात १८ संघ आणि ३४ सामने असतात, आणि पहिल्या १७ फेऱ्यांत सामन्यांचा जो क्रम असतो त्याच क्रमाने, केवळ मैदानांची अदलाबदल करून, उरलेल्या १७ फेऱ्या होतात. त्यामुळे मध्यावर अव्वल असलेल्या संघाला तेथे 'शरद ऋतूतला विजेता' अशा अर्थाचे बिरुद आहे आणि इटलीत 'हिवाळी विजेता' म्हणतात. करंडक मात्र दोन्हीकडे मिळत नाही.

एक बारीक गोष्ट सहसा सुटते. एकोणीस ही विषम संख्या असल्यामुळे मध्यावर कोणत्याही संघाचे घरचे आणि बाहेरचे सामने सारखे असूच शकत नाहीत. ज्यांचे दहा सामने घरच्या मैदानावर झाले आहेत त्यांना पुढे घरचे नऊच उरतात, आणि गुणतक्ता हे कोठेही सांगत नाही.

आतापर्यंतचे गुण दुप्पट केले की हंगामाअखेरचे गुण कळतात का?

हे त्रैराशिक सगळेच मांडतात, मीही दरवर्षी मांडतो, आणि पुष्कळदा ते उत्तराच्या बरेच जवळ जाते. परंतु जवळ जाणारे उत्तरही आतली उलथापालथ झाकून ठेवू शकते, आणि याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण लेस्टर सिटीचा २०१५-१६ चा हंगाम हे आहे.

त्या वर्षी १९ सामन्यांनंतर लेस्टरचे ३९ गुण होते. आर्सेनलचेही तितकेच होते आणि गोलफरकाच्या (केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल) बळावर आर्सेनल अव्वल होता. दुपटीच्या हिशेबाने लेस्टरचे ७८ गुण व्हायला हवे होते. झाले ८१, म्हणजे अवघे तीन जास्त. पण ते गुण कसे आले ते पाहिले तर हा हंगाम दोन निरनिराळ्या संघांनी खेळला असावा असे वाटते. पहिल्या १९ सामन्यांत त्यांनी ३७ गोल केले आणि २५ स्वीकारले, तर पुढच्या १९ सामन्यांत त्यांचे स्वतःचे गोल ३१ पर्यंत खाली आले आणि स्वीकारलेले गोल केवळ ११ भरले. आक्रमणाची धार थोडी बोथट झाली असतानाही संघ जास्त गुण मिळवू लागला, कारण प्रशिक्षक क्लॉदियो रानिएरी यांच्या संघाला तोवर १-० ची आघाडी सांभाळून सामना संपवता येऊ लागला होता. मध्यावर केवळ गुण पाहणाऱ्याला यातले काहीही दिसले नसते. स्वीकारलेल्या गोलांच्या रकान्यावर आठवड्यागणिक नजर ठेवणाऱ्याला मात्र काहीतरी बदलत असल्याची चाहूल लागली असती.

उलट दिशेचे उदाहरण २०२२-२३ च्या आर्सेनलचे आहे. १९ सामन्यांत ५० गुण ही कोणत्याही संघाने अभिमान बाळगावा अशी कमाई होती. दुपटीने शंभर गुण होत होते. उरलेल्या १९ सामन्यांत त्यांना ३४ गुण मिळाले, एकूण ८४ झाले आणि ८९ गुणांसह मँचेस्टर सिटी विजेता ठरला. मार्चमध्ये मध्य बचावफळीतील विल्यम सलिबा दुखापतीमुळे बाहेर गेला आणि त्यानंतर बचावाची घडी पुन्हा तशी बसली नाही. माझ्या मते दुपटीच्या हिशेबातली खरी चूक येथे दिसते: हा हिशेब असे गृहीत धरतो की पहिल्या अर्ध्यात जे अकरा खेळाडू तंदुरुस्त होते तेच दुसऱ्या अर्ध्यातही तंदुरुस्त राहतील.

मोठी आघाडी असेल तर निर्धास्त राहावे का?

न्यूकॅसलच्या समर्थकांना विचारावे. जानेवारी १९९६ मध्ये त्यांचा संघ १२ गुणांनी पुढे होता आणि विजेतेपद मँचेस्टर युनायटेडने चार गुणांच्या फरकाने नेले.

बरोबरी म्हणजे कमाई की नुकसान?

इंग्लंडमध्ये १९८१ पासून विजयाला तीन गुण मिळू लागले (बरोबरीला एकच), विश्वचषकात ही पद्धत १९९४ मध्ये आली, आणि त्याआधी विजयाला दोनच गुण असल्यामुळे बरोबरी म्हणजे निम्मा विजय असे म्हणणे गणिताच्या दृष्टीने खरे होते. आता ते खरे राहिलेले नाही. तीन बरोबऱ्या आणि एक विजय व दोन पराभव यांचे गुण सारखेच होतात, म्हणून सलग तीन सामने न हरलेल्या संघाचा समर्थक खुशीत असतो आणि तीनपैकी दोन हरलेल्या संघाचा समर्थक वैतागलेला असतो, तरी दोघांच्या खात्यात जमा तेवढीच असते. २००३-०४ मध्ये आर्सेनल एकही सामना न हरता विजेता झाला. त्या संघाने २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि ९० गुण मिळवले. न हरणे कितीही दिमाखदार दिसले तरी विजेतेपदाचा भार त्या २६ विजयांनी वाहिला होता.

तथापि सगळ्या बरोबऱ्या एका मापाने मोजू नयेत. दोन गोलांनी मागे पडून साधलेली बरोबरी आणि शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी घालवून हाती आलेली बरोबरी यांत गुणतक्ता भेद करत नाही, समर्थकाने करावा. आमच्या संघाच्या या हंगामातल्या बरोबऱ्या बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे: ऐंशीव्या मिनिटानंतर बदली खेळाडू मैदानात आले की मध्यफळी दहा पावले मागे सरकते आणि प्रतिस्पर्ध्याला आमच्या गोलक्षेत्राभोवती तळ ठोकण्याची मुभा मिळते.

गोलफरकाकडे एवढ्या लवकर पाहण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि ऑक्टोबरपासूनच आहे. २०११-१२ च्या हंगामाअखेर मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड या दोघांचेही ८९ गुण झाले, आणि अधिक ६४ विरुद्ध अधिक ५६ अशा गोलफरकावर सिटी विजेता ठरला. त्याच हंगामात, २३ ऑक्टोबर २०११ रोजी, सिटीने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ६-१ असे हरवले होते. सामना संपत आला असताना गुणफलक ३-१ होता. दहा खेळाडूंवर खेळणारा युनायटेड बरोबरी साधण्यासाठी पुढे धावत राहिला आणि अखेरच्या काही मिनिटांत आणखी तीन गोल पडले. ते तीन गोल एकाच्या खात्यात जमा आणि दुसऱ्याच्या खात्यातून वजा झाले, म्हणजे दोघांमधील अंतर एकट्या त्या काही मिनिटांत सहाने वाढले. अखेरचा फरक आठचा होता.

स्पेनमध्ये नियम वेगळा आहे. तेथे समान गुण झाल्यास आधी त्या दोन संघांमधील परस्परांचे दोन सामने पाहिले जातात, आणि दोन्ही सामने झालेले नसतील तर तोवर गोलफरकावर क्रम लागतो. त्यामुळे स्पॅनिश क्लबच्या समर्थकाने मध्यावरचा क्रम पाहताना तो पुढे वेगळ्या निकषाने लागणार आहे हे ध्यानात ठेवावे.

"आम्ही चांगले खेळलो, पण नशीब आडवे आले" हे म्हणणे तपासता येते का?

काही प्रमाणात येते. त्यासाठी 'अपेक्षित गोल' हे माप वापरतात. एखादा फटका जेथून आणि ज्या स्थितीत मारला गेला, तशा स्थितीतून पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती गोलात गेले, यावरून त्या फटक्याला शून्य ते एक यांमधली किंमत दिली जाते. पेनल्टीची किंमत सुमारे ०.७६ ते ०.७९ धरतात, गोलक्षेत्राबाहेरून मारलेल्या बहुतेक फटक्यांची किंमत त्यामानाने नगण्य असते. सामन्यातील सर्व फटक्यांची बेरीज केली की संघाने किती चांगल्या संधी निर्माण केल्या याचा अंदाज येतो. एकट्या सामन्यावर हे माप लावून प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकाशी वाद घालू नये, कारण एका सामन्यात काहीही होऊ शकते. एकोणीस सामन्यांची बेरीज मात्र बोलू लागते.

मी स्वतः त्याबरोबर एक साधी वही ठेवतो. प्रत्येक सामन्याला एक पान आणि तीन रकाने: निकाल, गोल कसे झाले, आणि अंतिम शिट्टी वाजण्याआधीच लिहिलेले एक वाक्य. तिसरा रकाना शिट्टीआधी भरण्याचा नियम मी फार उशिरा लावून घेतला, कारण त्याआधीच्या वह्यांमध्ये जिंकलेल्या प्रत्येक सामन्यापुढे "शिस्तबद्ध खेळ" आणि हरलेल्या प्रत्येक सामन्यापुढे "पंचांची कृपा" असे लिहिलेले आढळले, आणि त्या नोंदींवरून काहीच शिकता येत नव्हते.

परवा पहिली एकोणीस पाने एका बैठकीत वाचली. आमचे बहुतेक विजय एकेका गोलाच्या फरकाचे आहेत आणि त्यातल्या कितीतरी सामन्यांच्या तिसऱ्या रकान्यात "गोलरक्षकाने वाचवले" असे आहे. एका पानावर "कॉर्नरला जवळच्या खांबापाशी पुन्हा कोणीच नाही" हे वाक्य आहे. तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, आणखी तीन पानांवर सापडले. एवढ्या आठवड्यांत त्या खांबापाशी कोणाला उभे करायचे हे ठरले नसेल, तर आमच्या सध्याच्या स्थानात काही गुण उसने आहेत असे मला मानावे लागते.

४० गुण झाले की संघ वाचतो, हे खरे का?

हंगामाअखेर तळाचे तीन संघ खालच्या विभागात जातात, आणि त्यापासून वाचायला ४० गुण लागतात ही वाक्प्रचारासारखी रूढ झालेली संख्या आहे, नियम नव्हे. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम युनायटेड ४२ गुण मिळवूनही खालच्या विभागात गेला, आणि उलट २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३४ गुणांवर तरला. नाताळला तळाशी असूनही प्रीमियर लीगमध्ये टिकून राहिलेला तो पहिला संघ होता. त्यानंतर २०१३-१४ मध्ये सन्डरलँडने, २०१४-१५ मध्ये लेस्टरने आणि २०२२-२३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने तेच करून दाखवले. यांतल्या लेस्टरने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले आणि पुढच्याच वर्षी तो विजेता झाला.

गुण मैदानाबाहेरही कमी होऊ शकतात. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमांच्या उल्लंघनाबद्दल एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले, अपिलात ती कपात ६ वर आली आणि नंतर आणखी २ गुण गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण कापले गेले आणि ३२ गुणांवरही तो संघ टिकला. तळाच्या भागातील समर्थकाने आपल्या संघाबरोबरच खालच्या तीन संघांचे गुण मोजावेत, कारण संघ कोणत्याही ठरावीक संख्येला घाबरून वाचत नाही, खाली तिघे असले की वाचतो.

जानेवारीत खेळाडू विकत घ्यावा का?

या प्रश्नावर समर्थकांचे जितके रक्त आटते तितके दुसऱ्या कशावर आटत नसेल. प्रीमियर लीगमध्ये २००२-०३ पासून हंगामाच्या मध्यात केवळ जानेवारीतच खरेदी करता येते. मुदत एका महिन्याची, विकणाऱ्याला आपला चांगला खेळाडू मध्यावर सोडायचा नसतो आणि घेणाऱ्याची गरज सर्वांना दिसत असते, त्यामुळे किंमत चढीच राहते. ३१ जानेवारी २०११ रोजी चेल्सीने फर्नांडो टोरेसला पाच कोटी पौंडांना घेतले आणि हंगामाच्या उरलेल्या काळात त्याला चेल्सीसाठी एकच गोल करता आला. त्याच दिवशी लिव्हरपूलने करारबद्ध केलेल्या लुइस सुआरेझने पुढची तीन वर्षे गाजवली. जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना आलेल्या व्हर्जिल व्हॅन डाइकमुळे लिव्हरपूलच्या बचावाचा कायापालट झाला हे सर्वश्रुत आहे.

मला मात्र पाट्रिस एव्ह्राचे उदाहरण जास्त उपयोगी वाटते. जानेवारी २००६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याला मध्यंतरालाच बाहेर काढावे लागले आणि संघ ३-१ असा हरला. पुढे तो अनेक वर्षे त्या जागेचा हक्काचा खेळाडू होता. जानेवारीतली खरेदी मे महिन्यातल्या गुणांसाठी केली तर ती बहुधा फसते. ज्याला पुढच्या हंगामातही खेळवायचे आहे असा खेळाडू सहा महिने आधी मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजण्यात मला वावगे वाटत नाही. आमच्या क्लबला, वरील कॉर्नरची कहाणी पाहता, आणखी एका आघाडीपटूपेक्षा उंच मध्य बचावपटूची गरज आहे, आणि तशा बातम्यांना समर्थकांमध्ये कधीच उत्साह नसतो.

प्रशिक्षक बदलावा का?

सलग चार पराभवांनंतर प्रशिक्षक बदलला आणि पाचवा सामना जिंकला, तर श्रेय नव्या प्रशिक्षकाला जाते; परंतु सलग चार सामने हरलेल्या बऱ्याच संघांची गाडी प्रशिक्षक न बदलताही थोडीफार रुळावर येते, कारण तितकी वाईट लय फार काळ टिकत नाही. तरीही बदल कधीच लाभत नाही असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीने फ्रँक लॅम्पार्ड यांना दूर करून थॉमस टुखेल यांना आणले, तेव्हा संघ नववा होता. हंगाम चौथ्या स्थानावर संपला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची स्पर्धाही हाती आली. तो संघ मुळात चांगल्या खेळाडूंचा होता हे येथे विसरता कामा नये. आमच्या प्रशिक्षकांविषयी माझी तक्रार बदली खेळाडू पाठवण्याच्या वेळेपुरती आहे, आणि तेवढ्यावरून कोणाला घरी पाठवू नये.

पंचांच्या निर्णयांमुळे किती गुण गेले, हे मोजावे का?

मोजायचे असेल तर आपल्या बाजूने गेलेले निर्णयही मोजावेत. मी एकदा तसे केले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. अतिसूक्ष्म फरकाने दैव कसे पालटते याचे उदाहरण हवेच असेल तर मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांच्यातला ३ जानेवारी २०१९ चा सामना पाहावा. ०-० अशी स्थिती असताना मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सने रेषेवरून परतवलेला चेंडू पूर्ण आत जाण्यास सव्वा सेंटिमीटरहूनही कमी अंतर उरले होते, असे गोलरेषा तंत्रज्ञानाने दाखवले. सिटी २-१ असा जिंकला, आणि मे महिन्यात सिटीचे ९८ व लिव्हरपूलचे ९७ गुण झाले. तेथे पंचांचा काहीच दोष नव्हता.

इतरांच्या मानाने आमचे दोन सामने खेळायचे राहिले आहेत. ते जिंकल्यास आम्ही चौथे होतो. मग आम्ही चौथे आहोत असे म्हणावे का?

म्हणू नये. शाळेतल्या बेरजेत हातचा धरला की तो पुढच्या रकान्यात हमखास मिळवता येतो, लांबणीवर पडलेला सामना मात्र तसा हातचा नसतो. तो बहुधा दोन शनिवारांच्या मधल्या एखाद्या रात्री, थकलेल्या पायांनी खेळावा लागतो.

पिवळ्या कार्डांचा आणि मध्याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डे मिळालेल्या खेळाडूला एक सामना बाहेर बसावे लागते. तो टप्पा ओलांडला की पुढची मर्यादा ३२ व्या सामन्यापर्यंत दहा कार्डांची असते आणि ती गाठली तर दोन सामन्यांची बंदी येते. आमच्या डाव्या बाजूचा बचावपटू ऑक्टोबरपासून चार कार्डांवर होता आणि तेव्हापासून त्याने एकाही बगलेवरच्या खेळाडूला नीट रोखलेले नाही, कारण पाय पुढे टाकायला तो कचरत होता. कॉर्नरच्या आधीची निम्मी संकटे त्याच्याच बाजूने आली, हे वहीवरून दिसते.

तुमचा स्वतःचा अंदाज काय?

दुपटीच्या हिशेबाने येतो त्याहून चार-पाच गुण कमी. वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहून तारीख घातली आहे. तो आकडा चुकला तर बहुधा त्या बचावपटूमुळे चुकेल. एकोणिसाव्या सामन्यातही त्याला कार्ड मिळाले नाही, विसावा सामना बाहेरच्या मैदानावर आहे आणि समोर लीगमधला सर्वांत वेगवान उजवा बगलेवरचा खेळाडू असणार आहे. विसाव्या सामन्याच्या पानावर दुसऱ्या रकान्यात मी त्याचे नाव आधीच लिहून ठेवले आहे.